पुरेशी झोप घेऊनही थकवा जात नाही. प्रशिक्षणात हे कुणाला सांगावे का?

प्रश्न
मी अधिकारी प्रशिक्षणाच्या दुसऱ्या सत्रात आहे. पहाटेची पीटी, ड्रिल, दिवसभराचे वर्ग आणि रात्री इन्स्पेक्शनची तयारी हे सगळे पहिल्या सत्रातही अंगावर येत होते, पण तेव्हा उमेद होती. आता व्याख्यान सुरू असतानाच डोळे मिटतात, वहीवरचे पेन तिरके घसरत जाते आणि नंतर स्वतःचेच अक्षर लागत नाही. सुट्टीच्या दिवशी भरपूर झोपूनही उठवत नाही. ज्या सेवेसाठी इतकी धडपड केली तिच्याविषयीच मनात कडवटपणा येऊ लागला आहे, याची मला सर्वांत जास्त भीती वाटते. वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेलो तर ‘दबाव झेपत नाही’ असा शिक्का बसेल आणि मागच्या तुकडीत टाकतील, म्हणून गप्प आहे. हा नेहमीचा ताण आहे की बर्नआउट, हे कसे ओळखावे?

उत्तर : माजी प्रशिक्षक
नेहमीचा ताण विश्रांती मिळाली की उतरतो आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटला आजार न मानता, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था असे मानले आहे आणि त्याची तीन लक्षणे दिली आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. यातली पहिली दोन तुमच्या लिहिण्यात स्पष्ट दिसतात, त्यामुळे ‘सत्र संपले की ठीक होईल’ म्हणून थांबू नका.

प्रशिक्षणात ताण मुद्दाम दिला जातो, कारण थकलेल्या अवस्थेतही निर्णय घेता यावा लागतो. पण त्यानंतर शरीर सावरले तरच त्या ताणातून क्षमता वाढते, आणि ते सावरणे मुख्यतः झोपेत होते. प्रौढ माणसाला रात्री किमान ७ तास झोप लागते. तेवढी मिळत नसेल तर दुपारच्या मोकळ्या वेळात २० मिनिटे डोळे मिटून पडा आणि संध्याकाळनंतरची कॉफी सोडा, कारण त्यातले निम्मे कॅफिन शरीरातून जायलाच साधारण ५ तास लागतात. इन्स्पेक्शनसाठी लावलेला बिछाना विस्कटू नये म्हणून जमिनीवर झोपणारे कॅडेट मी पाहिले आहेत. ती बचत महागात पडते. त्याऐवजी कोर्समेटबरोबर कामे वाटून घ्या. एकाने दोघांचे बूट चमकवावेत, दुसऱ्याने दोघांचे गणवेश इस्त्री करावेत, म्हणजे दिवा लवकर मालवता येईल.

उत्तर : डॉक्टर
बर्नआउट म्हणण्याआधी शरीर तपासून घेणे आवश्यक आहे. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, रेंगाळलेला संसर्ग किंवा श्रमाच्या मानाने कमी पडणारे खाणे यांमुळेही असाच थकवा येतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टी साध्या रक्ततपासणीत कळतात. नडगीवर एकाच जागी दाबल्यावर दुखत असेल तर हाडाला सूक्ष्म तडा गेलेला असू शकतो. दुखणे लपवून धावत राहिलेल्याचाच प्रशिक्षणातला खंड मोठा होतो आणि तुम्हाला ज्याची भीती आहे तेच घडते. कठोर श्रमानंतर लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच वेळी दवाखाना गाठावा. तपासणीतली कोणती माहिती कुणापर्यंत जाते, हे भेटीच्या सुरुवातीलाच विचारा. तो तुमचा हक्क आहे. जगणे नकोसे वाटण्याचा विचार आला तर मात्र सकाळची वाट पाहू नका. शेजारच्या खोलीतल्या माणसाला उठवा आणि त्याच्यासोबत जा.

उत्तर : अंतिम सत्रातील कॅडेट
सांगताना ‘खूप ताण आहे’ एवढेच सांगू नका, कारण तिथे प्रत्येकावरच ताण असतो. किती आठवड्यांपासून झोप पुरत नाही, कोणत्या वर्गात डोळे मिटतात, कोणत्या चाचणीतली वेळ घसरली, हे कागदावर लिहून न्या. अशा नोंदी घेऊन आलेल्या कॅडेटकडे कुणी कामचुकार म्हणून पाहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. प्रशिक्षकांशी बोलायचे असेल तर परेडनंतरच्या घाईत नव्हे, वेळ मागून भेटा.