घरात एकच संगणक: मुलांचे ऑनलाइन गेम आणि दुकानाचे हिशेब दोन्ही सुरक्षित कसे ठेवावेत?

गोदाकाठ:

नमस्कार. आमच्या घरी एकच डेस्कटॉप असून त्यावर विंडोज ११ आहे. सकाळी माझे यजमान त्यावर टॅलीमध्ये दुकानाचे हिशेब लिहितात, जीएसटीची विवरणपत्रे भरतात आणि नेट बँकिंग करतात; संध्याकाळी अकरा वर्षांचा मुलगा त्याच संगणकावर रोब्लॉक्स आणि माइनक्राफ्ट खेळतो. संगणक सुरू केला की सर्वांसाठी एकच अकाउंट उघडते आणि बहुतेक पासवर्ड क्रोममध्येच साठवलेले आहेत.

गेल्या आठवड्यात मुलगा एका व्हिडिओखाली दिलेल्या दुव्यावरून 'फुकट रोबक्स' (रोब्लॉक्समधले पैसे) देणारे म्हणून काही तरी उतरवून घेत होता. ती एक झिप फाइल होती, तिचा पासवर्ड शेजारीच लिहिलेला होता आणि खाली सूचना होती की अँटिव्हायरस या फाइलला चुकून पकडतो, म्हणून आधी तो बंद करावा. मी फाइल उघडू दिली नाही आणि लगेच काढून टाकली, परंतु मी घरात नसते तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही.

गेम पूर्णपणे बंद करण्याची आमची इच्छा नाही, कारण शाळा सुटल्यावर त्याचे मित्र त्याला तिथेच भेटतात. दुसरा संगणक घेणे सध्या शक्य नाही. पैसे भरून चांगला अँटिव्हायरस घेतला तर पुरेसे होईल का, की आणखी काही करावे लागेल? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

सह्यकडा:

आपण फाइल उघडू दिली नाही हे फार बरे केले. झिपला पासवर्ड लावण्याचे कारण असे की कुलूपबंद फाइलच्या आत काय आहे ते ब्राउझरला किंवा अँटिव्हायरसला उतरवून घेताना तपासता येत नाही. फाइल उघडल्यावर तरी ती पकडली जाईल, ही शक्यताही उरू नये म्हणून अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की ती फाइल घातक आहे असेच धरून चालावे.

अशा फाइलमधून बहुधा माहिती चोरणारा प्रोग्राम येतो. तो संगणक बंद पाडत नाही आणि पडद्यावर काही दाखवतही नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डांचे तपशील आणि कुकीज (म्हणजे आपण लॉगिन केल्याची ब्राउझरने जपून ठेवलेली खूण) गोळा करून थोड्याच वेळात बाहेर पाठवणे एवढेच त्याचे काम असते. कुकीज विशेष धोक्याच्या असतात, कारण आपण ज्या ईमेलमध्ये आधीच लॉगिन केलेले आहे त्यात चोराला पासवर्ड किंवा ओटीपी न विचारता शिरता येते; आणि ईमेल हाती आले की इतर ठिकाणचे पासवर्ड बदलून घेणे अवघड राहत नाही. लुमा नावाच्या अशाच एका प्रोग्रामची यंत्रणा मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने न्यायालयाचा आदेश मिळवून मोडून काढली, तेव्हा त्याआधीच्या दोन महिन्यांतच त्याची लागण झालेले ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणक आढळले होते.

म्हणून माझ्या मते अँटिव्हायरसच्या आधी अकाउंट वेगळी करायला हवीत. सध्या मुलाने सुरू केलेला प्रत्येक प्रोग्राम आपल्या यजमानांच्याच अधिकाराने चालतो आणि त्यांना दिसते ते सर्व त्याला दिसते. मुलाचे विंडोजमधले अकाउंट वेगळे आणि 'स्टँडर्ड', म्हणजे मर्यादित अधिकारांच्या, प्रकारचे केले, की त्याच्या बाजूने काही घातक चालले तरी आपल्या अकाउंटच्या फोल्डरमध्ये, म्हणजेच आपल्या क्रोमने साठवलेल्या पासवर्डपर्यंत, त्याला सहसा जाता येत नाही. घातक प्रोग्राम चालूच शकणार नाही असा याचा अर्थ नव्हे. तो मुलाच्या अकाउंटमध्ये चालेल, पण नुकसान तिथल्या तिथे राहण्याची शक्यता खूप वाढते.

हे करताना क्रम पाळा. आधी 'सेटिंग्ज'मधील 'अकाउंट्स' या भागात जाऊन एक नवे ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंट तयार करा, त्याला भक्कम पासवर्ड द्या आणि त्यातून एकदा लॉगिन करून खात्री करून घ्या. त्यानंतर मुलाचे स्टँडर्ड अकाउंट उघडा. शेवटी रोजच्या कामाचे आपले अकाउंटही स्टँडर्ड करा आणि त्याला पासवर्ड लावा, कारण पासवर्ड नसलेल्या अकाउंटमध्ये मूल सहज जाऊन बसते. यापुढे संगणकाच्या मुख्य भागात बदल करणारे काहीही बसवायचे असले की विंडोज ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागेल. तो मुलाला सांगू नये. आपण स्वतः येऊन, काय बसवले जात आहे ते वाचून मगच टाकावा. रोब्लॉक्ससाठी तर याची गरजही पडत नाही, कारण तो वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्येच बसतो.

आता अँटिव्हायरसविषयी. विंडोजबरोबर येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर घरगुती वापरासाठी चांगला आहे आणि पैसे भरलेच पाहिजेत असे मला वाटत नाही. मात्र 'विंडोज सिक्युरिटी' उघडून त्यातील 'एक्सक्लूजन्स' ही यादी एकदा अवश्य पाहा. या यादीतील फोल्डर डिफेंडर तपासतच नाही. संगणक जुळवून देणाऱ्याने विंडोज किंवा ऑफिस फुकट सक्रिय करणारा प्रोग्राम टाकलेला असेल, तर पुष्कळदा त्यासाठी एखादा फोल्डर इथे कायमचा सोडलेला असतो आणि घरातल्या कोणालाही त्याची कल्पना नसते. तसे आढळले तर तो प्रोग्राम काढून अधिकृत परवाना घ्यावा, हेच मी आग्रहाने सांगेन.

वाटसरू:

वरील उत्तराशी सहमत आहे. मी स्वतः माइनक्राफ्ट खेळतो, म्हणून त्यातला एक भेद सांगतो, जो पालकांना सहसा कोणी सांगत नाही.

रोब्लॉक्समधले खेळ इतरांनी बनवलेले असले तरी ते रोब्लॉक्सच्या बंदिस्त चौकटीत चालतात आणि संगणकावरील फाइलींना हात लावू शकत नाहीत. तिथला धोका येतो तो बाहेरून घेतलेल्या 'एक्झिक्यूटर' (खेळात बाहेरचा कोड चालवणारे प्रोग्राम), चीट आणि फुकट रोबक्सच्या प्रोग्रामांतून. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचे मॉड, म्हणजे खेळात भर घालणारे इतरांनी बनवलेले भाग, मात्र संपूर्ण प्रोग्रामच असतात; खेळाला जे करता येते ते सारे मॉडला करता येते आणि मध्ये कुठलीही भिंत नसते. जून २०२३ मध्ये काही मॉडकर्त्यांची अकाउंट चोरांच्या हाती गेली आणि कर्सफोर्ज व बुकिट या नामांकित ठिकाणांवरच्या मॉडमध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा घातक प्रोग्राम मिसळला गेला. म्हणजे मुलाने अनोळखी संकेतस्थळावर पाऊलही न टाकता त्रास होऊ शकत होता. तसाच प्रकार फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर झाला: पायरेटफाय हा तिथे ठेवलेला फुकट गेम घातक निघाला, स्टीमने तो काढून टाकला आणि ज्यांनी तो चालवला होता त्यांना विंडोज पूर्णपणे नव्याने बसवण्याचा विचार करावा असे कळवले.

तरीही अधिकृत ठिकाणे सोडू नयेत, कारण तिथे गडबड उघडकीस येते आणि लोकांना सावधही केले जाते. माझा सल्ला एवढाच की अकरा वर्षांच्या मुलासाठी शक्यतो माइनक्राफ्टची बेडरॉक आवृत्ती घ्यावी. तिच्यातील ॲड-ऑनना जावाच्या मॉडइतकी मोकळीक नसते. जावाच हवी असेल, तर पुष्कळ दिवसांपासून उपलब्ध असलेले आणि पुष्कळ लोक वापरत असलेले मॉड मोठ्यांनी निवडून द्यावेत.

आणखी एक. मुलगा मोठा होऊन व्हॅलरंटसारखे गेम मागू लागेल, तेव्हा त्यांची फसवणूकरोधी यंत्रणा ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार मागेल आणि विंडोजच्या अगदी गाभ्यात बसेल. ती घातक नाही, परंतु ज्या संगणकावर दुकानाचे हिशेब आहेत त्यावर मी तरी ती बसवणार नाही.

गोदाकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री तिन्ही अकाउंट तयार केली. आता दोन शंका आहेत. टॅलीचा डेटा आणि घराची सर्व कागदपत्रे डी ड्राइव्हमध्ये आहेत. मुलाच्या नव्या अकाउंटमधून पाहिले तर डी ड्राइव्ह तसाच उघडतो आणि आतल्या फाइलीही उघडतात. हे असेच असते का? आणि यजमान विचारत आहेत की एवढा खटाटोप करण्याऐवजी क्रोममध्येच मुलाचे वेगळे प्रोफाइल केले असते तर चालले नसते का?

सह्यकडा:

आपण स्वतः तपासून पाहिलेत हे उत्तम झाले, कारण पुष्कळ घरांत गोष्ट नेमकी इथेच निसटते. विंडोज प्रत्येकाचा खासगी फोल्डर सी ड्राइव्हमधील 'यूजर्स' या भागात सांभाळते. डी किंवा ई ड्राइव्ह मात्र, वेगळे काही सांगितले नसेल तर, त्या संगणकावरील सर्व अकाउंटना वाचण्यासाठी आणि बदल करण्यासाठी खुला असतो. आपल्याकडे संगणक जुळवून देणारे बहुधा ड्राइव्हचे भाग पाडून देतात आणि विंडोज बिघडले तरी डेटा वाचावा म्हणून सारे डी मध्ये ठेवायला सांगतात. तो सल्ला आपल्या जागी योग्य असला तरी अकाउंट वेगळी केल्यावर त्यातून अशी फट राहते.

सोपा मार्ग म्हणजे कागदपत्रे आपल्या अकाउंटच्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये हलवणे. टॅलीचा डेटा हलवायचा नसेल, तर त्या फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'सिक्युरिटी' या भागात जाऊन फक्त यजमानांचे अकाउंट, ॲडमिनिस्ट्रेटर आणि 'सिस्टम' यांनाच अधिकार ठेवावा. त्याआधी वरच्या फोल्डरकडून आलेले अधिकार तोडावे लागतात, म्हणून हे काम डेटाची प्रत काढून ठेवल्यावरच करा. टॅलीचा डेटा अनेकदा 'पब्लिक' फोल्डरमध्येही असतो, तोही सर्वांना खुलाच असतो, तेव्हा तिथेही पाहून घ्या. शेवटी मुलाच्या अकाउंटमधून पुन्हा उघडून बघा. परवानगी नसल्याचा संदेश आला की काम झाले. डेटाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम होताच ती डिस्क काढून ठेवा, कारण जोडून ठेवलेली डिस्कही घातक प्रोग्रामच्या हाती सापडते.

क्रोमच्या प्रोफाइलविषयी: ते वापराच्या सोयीसाठी असते. एकाच विंडोज अकाउंटमधली सर्व प्रोफाइले शेजारशेजारच्या फोल्डरमध्ये राहतात आणि चोरणारा प्रोग्राम ती सर्व एका दमात उचलतो. म्हणून खटाटोप वाया गेलेला नाही.

सावली:

मी पाचवी ते सातवीच्या मुलांना शिकवते आणि त्यांच्या गप्पांतून जे कानावर येते त्यावरून लिहीत आहे. मुले अनोळखी माणसाच्या बोलण्यावर तितकीशी विसंबत नाहीत. ती विसंबतात मित्रावर. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर मित्राच्या नावाने संदेश येतो, "मी एक गेम बनवला आहे, खेळून सांग ना कसा झालाय." मित्राचे अकाउंट आधीच चोरीला गेलेले असते आणि तो गेम म्हणजे वर वर्णन केलेलाच प्रोग्राम असतो. आपल्या मुलाचे वय पाहता त्याने डिस्कॉर्डवर असूच नये, कारण तिथे किमान वय १३ आहे. परंतु गेममधल्या चॅटमधूनही असेच निरोप येतात. म्हणून मुलाला एक पक्की सवय लावावी, की मित्राने फाइल पाठवली तर उघडण्याआधी त्याला फोन करून विचारायचे.

दुसरा प्रकार फाइलविना होतो. 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' असे म्हणून एखादे पान विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबायला, मग पेस्ट करायला आणि एंटर दाबायला सांगते. मूल निमूटपणे तसे करते आणि घातक आज्ञा स्वतःच्या हाताने चालवते. हे मुलाला एकदा प्रत्यक्ष संगणकासमोर बसवून दाखवा: ती चौकट कशी दिसते आणि तिच्यात कोणाच्या सांगण्यावरून काहीही चिकटवायचे नाही.

आणि त्याला हे आवर्जून सांगा की काही चुकीचे दाबले गेले तर लगेच येऊन सांगितल्यावर गेम बंद केला जाणार नाही. शिक्षेच्या भीतीने मुले अशी गोष्ट दिवसेंदिवस लपवतात आणि तेवढ्या वेळात चोर आपले काम करून मोकळा होतो.

सह्यकडा:

सावली यांनी लपवण्याचा मुद्दा काढला म्हणून, तशी वेळ आलीच तर काय करावे तेही लिहून ठेवतो. प्रथम वाय-फाय बंद करा किंवा केबल काढा. पासवर्ड त्या संगणकावरून मुळीच बदलू नका, कारण नवा पासवर्डही चोराकडे जाईल. मोबाइलवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला आणि सर्व उपकरणांवरून लॉगआउट करण्याचा पर्याय वापरा, म्हणजे चोरलेल्या कुकीज निकामी होतील. त्यानंतर बँक, जीएसटी आणि मुलाची गेमची अकाउंट. खात्यातून पैसे गेले असतील तर बँकेला कळवून लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर फोन करा. तक्रार जितकी लवकर नोंदवली जाईल तितकी ती रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. संगणकावर विंडोज नव्याने बसवा आणि हिशेब बाहेरच्या डिस्कवरील प्रतीतून परत घ्या.