दुधाचा रतीब अजून कोणाकडे चालू आहे का?

कोथरूडकरीण
आई आमच्याकडे राहायला आल्यापासून एकच धोशा लावलाय, पिशवीच्या दुधाला साय धरत नाही, धरली तर टिश्यू पेपरसारखी, यातून लोणी कसलं निघणार. आमच्याकडे दूध ॲपवरून येतं, रात्री ऑर्डर टाकायची, सकाळी दाराला पिशव्या लटकलेल्या, आणतो कोण ते आजतागायत बघितलेलं नाही.

साताऱ्याला आमच्याकडे मामा यायचे. सगळ्या आळीचे मामाच, माझे बाबा पण त्यांना मामाच म्हणायचे. एम-८० ला दोन्ही बाजूंना कॅन, कॅनच्या तोंडात गवत खोचलेलं म्हणजे खड्ड्यात हिंदकळून दूध सांडू नये. आई पातेलं घेऊन दारात, मामा अर्ध्या लिटरचं माप बुडवून ओतणार आणि मग अजून एक जरासं वर घालणार, ते वरचं पडेपर्यंत आई पातेलं मागे घ्यायचीच नाही. त्या दोघांमध्ये रोज तेच, कोणी काही बोलायचं नाही, नुसतं पातेलं पुढे. महिनाअखेरीला मात्र बोलाचाली, कारण मामांच्या वहीतले खाडे आणि आमच्या कालनिर्णयवरच्या फुल्या कधी म्हणजे कधी जुळल्या नाहीत.

तर विचारायचं हे की पुण्यात असा रतीब अजून लावता येतो का, कोणाकडे चालू आहे का? आणि तुमच्याकडचा बंद कशामुळे झाला?

गंगावेशकर
पुण्याचं म्हाईत नाही बघा, पण कोल्हापूरला या की एकदा. हितं दूध दारात येत नाही, म्हसच रस्त्यावर येते. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या असतात, तुमच्यासमोर धार काढणार आणि फेसासकट ग्लास हातात. तालमीतली पोरं तर येतातच, पण स्कूटर लावून एक ग्लास मारून घरी जाणारे नोकरदार पण कायम. पाणी घातलंय का हा विषयच नाही, घालायचं कधी? आणि दिवाळीच्या पाडव्याला याच म्हशी शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून गाडीमागं पळवतात, ते बघायला तरी याच.

स्पष्टच_बोलतो
सगळे एकदम हळवे झालेत म्हणून मी जरा उलटं लिहितो. आमच्या नागपूरच्या दूधवाल्याचं दूध उन्हाळ्यात असं निळसर दिसायचं की आजी त्याला तोंडावर विचारायची, आज नळाला प्रेशर चांगलं होतं वाटतं? तो पण हसायचा. अंगठ्याच्या नखावर थेंब टाकून बघायची, घसरून गेला की त्या दिवशी त्याची खैर नाही. बाबांनी शेवटी लॅक्टोमीटर (दूध किती दाट ते बघायची काचेची नळी) आणला, पण त्यातही गंमत अशी की साय काढून घेतली तर आकडा वर जातो आणि मग जरा पाणी घातलं की परत बरोबर जागेवर येतो, म्हणजे आकडा ओके आणि दूध गेलं कामातून. पिशवीवर निदान फॅट छापलेलं असतं हो. आणि गंगावेशकर, राग मानू नका, पण न उकळलेलं दूध मी तरी पोरांना देणार नाही.

आता तेच दूध काचेच्या बाटलीत घालून, वर गाईचं चित्र लावून लिटरला शंभरच्या वर घेतात आणि आपण परंपरा म्हणून घेतो.

जुना_गिरगावकर
पाण्यावरून आठवलं. आमच्या लहानपणी मुंबईत सरकारच पाणी घालून दूध विकायचं आणि ते कौतुकाने सगळे प्यायचे, टोन्ड म्हणून. चेष्टा नाही, म्हशीचं दूध दाट असतं, त्यात स्किम पावडर आणि पाणी घालून फॅट ३ टक्क्यांवर आणायचं, म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त घरं भागतात आणि दर पण खाली येतो. ही मूळ डोकॅलिटी आरेच्या, म्हणजे मुंबईच्या सरकारी दूध योजनेच्या, दारा खुरोडींची. शहरातले तबेले बाहेर काढायला १९४९ मध्ये गोरेगावला आरे कॉलनी काढली ती त्यांनीच. १९६३ चं मॅगसेसे पारितोषिक अमूलच्या कुरियन आणि त्रिभुवनदास पटेलांबरोबर त्यांना पण मिळालं होतं, पण आज नाव कोण काढतं.

आमच्याकडे दारात कोणी यायचं नाही, आपणच जायचं. आरेचं केंद्र म्हणजे नाक्यावरची टपरी, पहाटे अंधारात लाईन, कार्ड दाखवायचं, रिकामी बाटली द्यायची, भरलेली घ्यायची. बाटली धुतलेली नसेल तर केंद्रावरची ताई सगळ्यांसमोर परत पाठवायची. कॉलेजच्या मुली असायच्या बऱ्याच, सकाळचं केंद्र उरकून लेक्चरला जायच्या. बाटलीचं ते पातळ चंदेरी झाकण अंगठ्याने दाबून न फाडता काढणं ही आमची कला होती, झाकणं साठवून गणपतीत त्याच्या माळा. बाटली फुटली तर मात्र घरी बोलायची सोय नव्हती.

कोथरूडकरीणताई, आईंचं सायीचं म्हणणं बरोबर आहे पण कारण वेगळं. दूध होमोजिनाइज केलं की फॅटचे कण बारीक होऊन दुधातच राहतात, वर येत नाहीत, मग साय धरणार कशी. पिशवीवर तो शब्द नसलेलं ६ फॅटचं घ्या, मंद आचेवर नीट तापवा, निवलं की रात्रभर फ्रिजमध्ये, झाकण घट्ट नको. सकाळी भाकरी नाही पण फुलक्याएवढी तरी येते.

गोठ्यातला
आमचं घर याच धंद्यातलं, सांगलीजवळ. वडील रतीब घालायचे म्हणून सांगतो, बंद का झाला ते.

पहाटे तीनला उठायचं, शेण काढायचं, आंबोण घालायचं, रेडकू सोडून पान्हा सुटला की धार, गाळून कॅनमध्ये, आणि सहाच्या आत शहरात. सात वाजले की काकू दारात, चहा कशाचा करू? मे महिन्यात अर्ध्या गल्लीला कुलूप, सगळे गावाला, म्हैस काय सुट्टी घेती का. उलट कोजागिरीला ज्याला त्याला दोन लिटर जादा पाहिजे, तेही दुपारी सांगणार. थंडीत दूध वाढतं, उन्हाळ्यात आटतं, गिऱ्हाईकाला बारा महिने अर्धा लिटरच. मग उन्हाळ्यातला अर्धा लिटर कसा पुरा व्हायचा ते तुम्हीच ओळखा, स्पष्टच_बोलतो यांच्या आजींनी ओळखलंच होतं.

दारात लिटरमागं पैसे जास्त सुटायचे हे खरं. पण उधारी! बदली झाली म्हणून रातोरात ट्रक भरून गेलेले साहेब आम्ही बघितलेत, पोरं आमच्या दुधावर वाढलेली. दूध संस्थेत घातलं की मशिनवर फॅट लागतंय, म्हशीला ६ फॅट ९ एसएनएफ (फॅट आणि पाणी सोडून दुधात राहतं ते) धरून दर, दर दहा दिवसाला बिल, पेंड पण तिथंच आणि ती बिलात वळती. फॅट कमी लावलं म्हणून तिथं पण कटकट आहेच, पण पातेलं घेऊन कोणी अडवून धरत नाही.

खरवसाचं कोणी लिहिलं नाही अजून. म्हैस व्याली की चीक आधी रेडकाला, उरलेला गिऱ्हाईकाला फुकट, विकायचा नाही ही आजीची सक्त ताकीद. म्हैस एक, घरं चाळीस, कोणाला दिला कोणाला नाही यावरनं रुसवेफुगवे. आता चीक पण किलोवर विकतात.

पुण्यात गवळी हवा असेल तर एखाद्या जुन्या चहाच्या टपरीवर विचारा. ज्याचा चहा दाट, त्याला ठाऊक असतं.

कोथरूडकरीण
सगळ्यांना थँक्यू! चहावाल्याची आयडिया लागू पडली, मुळशीकडून एक दादा येतात. अटी ऐका: एक लिटरच्या खाली नाही, महिन्याचे पैसे आधी (गोठ्यातला, तुमच्या साहेबांची कृपा), कोजागिरीचं आठ दिवस आधी सांगायचं. वॉचमन त्यांना वर सोडत नाही, म्हणून आई सकाळी पातेलं घेऊन लिफ्टने खाली जाते. पहिल्याच दिवशी तिने पातेलं पुढे धरून ठेवलं, दादा म्हणाले आज्जी, माप इलेक्ट्रॉनिक आहे, तर ही म्हणते ते मशिनला सांग, मला वरचं घाल. घातलं त्यांनी.

भाव ऐकून नवरा म्हणतोय यापेक्षा तूप विकत आणू. बघू, लोणी किती पडतं त्यावर ठरवेन.