फ्लोरिडात डिसँटिस १९ टक्क्यांनी परत आले, म्हणून काहीही कायदे करायची मोकळीक मिळाली का?

कडेपठार:
मित्रांमध्ये जोरात वाद झाला म्हणून इथे मांडतोय. एकाचं म्हणणं असं की ज्याला साठ टक्क्यांच्या आसपास मतं पडली त्याने पुढे काय करावं यावर हरलेल्यांनी बोलूच नये. मला हे अजिबात पटत नाही.

विषय रॉन डिसँटिस, अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याचे रिपब्लिकन गव्हर्नर. (तिथला गव्हर्नर लोक थेट निवडतात, कारभार त्याच्याच हातात असतो, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा.) २०१८ ला हे डेमोक्रॅट अँड्र्यू गिलमविरुद्ध फक्त ३२,४६३ मतांनी आले, फेरमोजणी करावी लागली. २०२२ ला डेमोक्रॅट चार्ली क्रिस्टना पंधरा लाख मतांनी पाडलं, ५९.४ विरुद्ध ४०. विजय प्रचंड आहे, कोण नाही म्हणतंय. पण आकडे नीट बघा ना. डिसँटिसची मतं ४०.७६ लाखांवरून ४६.१४ लाख झाली, म्हणजे साडेपाच लाखांच्या आतच वाढ, आणि डेमोक्रॅटांची ४०.४३ वरून ३१.०६ लाखांवर आली, नऊ लाखांच्या वर घट! मतदान ६३ टक्क्यांवरून ५४ वर. समोरचे घरी बसले त्याला सगळ्या जनतेचा कौल कसा म्हणायचं?

सातारी_बाणा:
घरी बसले हे तुम्ही ठरवणार का? ज्याने २०१८ ला गिलमना दिलं आणि २०२२ ला डिसँटिसना, तो तुमच्या दोन्ही आकड्यांत येतो, इकडे वाढ आणि तिकडे घट. आणि मायामी-डेड काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) काय? २०१६ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिथे डेमोक्रॅट हिलरी क्लिंटन २९ टक्क्यांनी पुढे होत्या, २०२२ ला डिसँटिस ११ टक्क्यांनी पुढे. जेब बुशनंतर, म्हणजे २००२ नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन गव्हर्नर उमेदवाराने ती काउंटी घेतली. पाम बीचसुद्धा घेतली. एवढा उलटफेर लोक झोपून राहिल्याने होत नसतो, क्यूबा आणि व्हेनेझुएलातून आलेली कुटुंबं उघड उघड रिपब्लिकनांकडे आली. शिवाय त्याच निवडणुकीत पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, ॲरिझोना सगळीकडे रिपब्लिकन गव्हर्नरपदाचे उमेदवार पडले. देशात हवा नसताना एक माणूस १९ टक्क्यांनी येतो तर ते त्याच्या कामाचं श्रेय आहे, द्या की मोकळ्या मनाने.

कडेपठार:
पक्ष बदललेले आहेतच, मायामीचा मुद्दा बरोबर आहे. पण एकूण पडलेली मतंच २०१८ पेक्षा साडेचार लाखांनी कमी आहेत, आणि तेही राज्यात बाहेरून माणसं येऊन राहत असताना. मग न आलेले कोण ते सांगा. आणि फक्त त्यांचंच काम म्हणाल तर त्याच दिवशी फ्लोरिडातूनच रिपब्लिकन मार्को रुबिओपण सिनेटला १६ टक्क्यांनी आले, ते कुठे राज्य चालवत होते?

टँपाकर:
मी इथे फ्लोरिडात, टँपाला राहतो, सिटिझन आहे, २०२२ ला मत दिलंय आणि डिसँटिसनाच दिलंय. कारण सांगतो. सप्टेंबर अखेरीला इयन वादळ आधी आमच्याच अंगावर येणार असं सांगत होते, खिडक्यांना प्लायवूड ठोकून झालं, वाळूच्या पोत्यांसाठी रांग लावली, आणि २८ तारखेला खाडीचं पाणी असं मागे ओढलं गेलं की लोक चिखलात उतरून चालत होते. मग वादळ दक्षिणेला वळलं आणि फोर्ट मायर्सची वाट लावली. पाइन आयलंडला जायचा रस्ता तुटला होता तो तीन दिवसांत तात्पुरता जोडला. सॅनिबेल बेटाचा तीन आठवड्यांत. हे सरकारी काम आहे बरं का. त्याआधी कोविडमध्ये २०२० च्या ऑगस्टपासून शाळा उघडल्या, दोघं नोकरी करणाऱ्या आईबापांना याची किंमत विचारा. आणि समोर कोण होतं? क्रिस्ट. आधी रिपब्लिकन गव्हर्नर, मग अपक्ष, मग डेमोक्रॅट. असा माणूस उभा केल्यावर लोकांनी करायचं काय!

मुक्ता_प:
रस्ते जोडल्याचं श्रेय द्याच, पण वादळात दीडशेच्या आसपास माणसं गेली आणि ली काउंटीत (फोर्ट मायर्स तिथलंच) घरं सोडायचा आदेश उशिरा निघाला यावर तिथेच केवढी टीका झाली तेही लिहा (आदेश काउंटीने काढायचा असतो हे मान्य, पण गव्हर्नरनी त्यांची पाठराखण केली).

आणि घराच्या इन्शुरन्सबद्दल कोणीच कसं बोलत नाही? २०२२ या एका वर्षात फ्लोरिडातल्या अर्धा डझन विमा कंपन्या बुडाल्या, सरकारी सिटिझन्स कंपनीकडे दहा लाखांच्या वर पॉलिसी गेल्या. माझी मावसबहीण ऑर्लँडोजवळ राहते, छत पंधरा वर्षांचं झालंय म्हणून कंपनीने पॉलिसी रिन्यू करायला नकार दिला, आधी नवीन छत टाका मग बोलू. लोकांच्या खिशाला आग लागलेली आणि प्रचार कशावर, तर टेक्सासमधून पन्नासएक स्थलांतरितांना विमानात घालून मार्थाज व्हिनयार्डला सोडलं त्यावर. फ्लोरिडाचे करदाते, टेक्सासमधली माणसं, मॅसॅच्युसेट्सचं बेट. हा कुठला कारभार?

सातारी_बाणा:
इन्शुरन्सवर मे आणि डिसेंबर २०२२ ला खास अधिवेशनं घेतली, डिसेंबरात कंपनीवर केस केली की वकिलाची फी कंपनीनेच भरायची ही तरतूद काढून टाकली. आजार जुना आहे, एका रात्रीत कसा जाईल? आणि लोकांना हे सगळं माहीत होतं, विमान पण माहीत होतं, तरी मतं दिली. मतदाराला काही कळत नाही असं धरून चालणं मला फार उद्धट वाटतं.

दक्षिणकिनारा:
माहीत होतं त्याला दिली, बरोबर. पण जे माहीत नव्हतं त्याचं काय? निवडणुकीच्या वेळी गर्भपातावर १५ आठवड्यांची मर्यादा होती. पुढे आणखी कडक करणार का, किती आठवडे, यावर प्रचारात स्पष्ट आकडा दिलाच नाही. निवडून आले आणि एप्रिल २०२३ ला सहा आठवड्यांच्या कायद्यावर रात्री उशिरा बंद दाराआड सही केली. सहा आठवड्यांत तर कित्येक बायकांना दिवस गेलेत हे कळलेलंसुद्धा नसतं. तसंच ऑक्टोबरच्या वादसभेत क्रिस्टनी तोंडावर विचारलं की चार वर्षं पूर्ण करणार का, तर हे गप्प. मे २०२३ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे! जानेवारी २०२४ ला पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत आयोवात हरून माघार. १९ टक्के कशासाठी मागितले होते मग?

टँपाकर:
ते उभे राहणार हे शेंबड्या पोराला पण माहीत होतं इथे, त्यात फसवणूक कसली. सहा आठवड्यांचं मला स्वतःला पटलं नाही, घरात बायको तर भयंकर चिडली होती. तरी परत निवडणूक झाली तर मी त्यांनाच देईन, कारण मत एका कायद्याला देत नाही मी, माणसाला देतो.

कडेपठार:
टँपाकर, माझा मुद्दा नेमका हाच आहे! तुम्ही माणसाला मत दिलं आणि ते मत सहा आठवड्यांच्या कायद्याच्या खात्यात जमा झालं. २०२४ ला गर्भपाताचा प्रश्न थेट लोकांपुढे गेला, तेव्हा त्याच फ्लोरिडात हक्काच्या बाजूने ५७ टक्के पडले, म्हणजे डिसँटिसच्या ५९ च्या जवळपास. पण तो फ्लोरिडाच्या घटनादुरुस्तीचा प्रस्ताव होता, आणि तिला ६० टक्के लागतात म्हणून पडला. गव्हर्नरला ५९ मिळाले तर ऐतिहासिक कौल आणि लोकांना ५७ मिळाले तर नामंजूर. २०२० ला पण फ्लोरिडात ट्रम्पना जिंकवणाऱ्या मतदारांनी त्याच दिवशी किमान वेतन तासाला १५ डॉलर करायला ६० टक्क्यांच्या वर मतं दिली होती. म्हणजे माणूस एक निवडतात आणि प्रश्नांवर वेगळं बोलतात, आणि ते बोलतात तेव्हा ऐकायचं का नाही?

सातारी_बाणा:
६० टक्क्यांचा नियम डिसँटिसनी नाही आणला, २००६ ला मतदारांनीच मंजूर केलाय. नियम सगळ्यांना सारखा.

दक्षिणकिनारा:
नियम सारखा असेल, पण २०२४ ला त्या प्रस्तावाविरुद्ध सरकारी खात्याने सरकारी पैशातून जाहिराती दाखवल्या, ते सारखं होतं का? ज्याला १९ टक्क्यांची खात्री आहे त्याने हे करायची गरज काय होती याचं उत्तर द्या.