तीन वर्षं झाली, वडिलांवरचं पुस्तक चाळीस पानांपुढे सरकत नाही

रापणकराची लेक (मालवण तालुका)

नमस्कार मंडळी. मी तारकर्लीजवळ राहते. घरीच पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत, त्यांचं जेवणखाण मीच बघते. माझे वडील रापणीवर होते, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्यावर. बाराव्या वर्षी दोर धरला तो गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हाच सुटला. चार वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्यावर आणि आमच्या किनाऱ्यावरच्या रापणीवर पुस्तक लिहायचं तेव्हापासून मनात आहे. शिक्षण दहावी, पण वाचन भरपूर.

तीन वर्षांत चाळीस पानं झाली. त्यातली सुरुवात अकरा वेळा लिहिली. लिहायला बसले की आधी मागचं वाचते, मग तेच खोडत बसते. पहाटे पाचला नाश्त्याची तयारी, दुपारी ताटं, रात्री साडेदहाला शेवटची भांडी. त्यानंतर वही उघडली तर डोळे मिटतात.

सध्याचं पहिलं वाक्य असं आहे: "माझे वडील म्हणजे समुद्राशी एकरूप झालेलं एक कष्टाळू आणि निरपेक्ष व्यक्तिमत्त्व होतं." वाचलं की वाटतं, हे कुणाच्याही वडिलांबद्दल चालेल.

वेळ कसा काढायचा? संवाद मालवणीत ठेवले तर पुण्यामुंबईच्या वाचकाला कळतील का? आणि छापायचं झालं तर जायचं कुणाकडे? कुणी स्वतः पुस्तक पूर्ण केलं असेल तर कृपया सांगा.


खाडीकाठ (गुहागर)

ताई, पहाटे चारला उठायची सवय लावा. रोज एक तास, एकही दिवस न चुकता. मी कथा अशाच लिहिल्या. सातत्याला पर्याय नाही.


देवगडची काकी

पहाटे चारचं मी तुला सांगणार नाही गो बाय. पाचला चूल पेटवणाऱ्या बाईने चारला उठून लिहायचं म्हणजे पंधरा दिवसांत अंथरूण धरायचं. गुहागरच्या भाऊंना ते जमलं, चांगलंच आहे. पण तुझा दिवस वेगळा आहे.

आमच्या हापूसच्या बागा आहेत. थंडीत मोहोर आणि फवारण्या, मार्चपासून काढणी, मे संपेपर्यंत पेट्या. मी सासऱ्यांवर आणि आमच्या वाडीवर पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा रोज लिहायचंच असा नेम केला. चार वर्षं तो नेम दर फेब्रुवारीत मोडला. मोडला की वहीकडे बघायचीसुद्धा लाज वाटायची, ती थेट पुढच्या वर्षापर्यंत. पाचव्या वर्षी ठरवलं की पुस्तक हे पावसातलं काम. आगोटीची कामं उरकली, लाकडं माळ्यावर गेली, वाळवणं डब्यात बसली की वही काढायची आणि गणपतीची साफसफाई सुरू होईपर्यंत लिहायचं. बाकी वर्षभर लिहिलं नाही म्हणून स्वतःला बोल लावायचा नाही. दोन पावसाळ्यांत १४४ पानांचं पुस्तक झालं.

तुझा हंगाम तर माझ्याहून मोकळा. पावसात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, खोल्या रिकाम्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते, म्हणजे ६१ दिवस बंदरावरही सामसूम. रोज ३०० शब्द धर, वहीचं दीड पान. १८,३०० शब्द होतात. छापील पानावर साधारण अडीचशे शब्द बसतात, म्हणजे त्र्याहत्तर पानं झाली. ताप, बारसं, वीज गेली म्हणून दहा दिवस वाया गेले असं धरलं तरी साठ. नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर जाशील तेव्हा पुस्तकाचा मोठा भाग वहीत उतरलेला असेल.

आत्ता मे महिन्यात लिहू नकोस, नुसतं गोळा कर. मी वाणसामानाच्या यादीच्या पाठीवर एक-दोन ओळी लिहायची आणि बिलं अडकवायच्या तारेला टोचून ठेवायची. त्यातली एक अजून माझ्याकडे आहे: "पेटी भरण्याआधी मामंजी पेंढा हुंगत. ओलसर वास आला तर सगळा परत उन्हात." ते शिस्तीचे होते, असं मी पुस्तकात कुठेच लिहिलं नाही. ती चिठ्ठी होती, तिच्यावरून तीन पानं झाली.

ती चाळीस पानं दोरीने बांध आणि कुणाला तरी देऊन टाक. घरात ठेवू नकोस. मी माझी जाऊबाईंच्या कपाटात ठेवली, किल्ली त्यांच्याकडे. मागचं हाताशी नसलं की खोडता येत नाही, पुढेच जावं लागतं. सुरुवात सगळ्यात शेवटी लिही. आपल्याला काय सांगायचं होतं ते शेवटचं पान लिहिल्यावर कळतं, मग पहिलं पान एका दुपारी होतं. माझं तसंच झालं. आणि रोज उठताना वहीच्या तळाला उद्याचे दोन-तीन शब्द टाकून ठेव. "उद्या: कोयती, पडवी, आत्याचं भांडण." दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या हात चालायला लागतो.

आता तुझ्या पहिल्या वाक्याबद्दल. त्यात खोटं काही नाही, पण त्यात बाबा दिसत नाहीत. दोर कुठल्या खांद्यावर घ्यायचे? खाऱ्या पाण्याने चिरलेल्या बोटांनी भात कसा कालवायचे? घरी मासळी कशातून यायची? रापणीच्या मासळीचे वाटे पडतात, जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्या माणसांचा. त्या वाट्यांवरून एखादा दिवस नक्की तापला असेल. तो एक दिवस घे, पहाटेपासून रात्रीपर्यंत. कोण कुठे उभं होतं, काय बोललं, तू तेव्हा केवढी होतीस. जूनमध्ये तिथूनच सुरू कर.

मालवणी ठेवच. निवेदन प्रमाण मराठीत, माणसं मात्र आपल्या तोंडाने बोलू देत. पाण्यावरचा काळसर पट्टा दाखवून बाबा म्हणाले असतील, "गो चेडवा, थंय बघ, बांगडो आसा." आता पट्टा दाखवलाय, बोट केलंय, पुढच्या ओळीत होडी सुटतेय. पुण्याच्या माणसाला ह्यात न कळण्यासारखं काय आहे? दर शब्दाला कंसात अर्थ देऊ नकोस, वाचणारा ठेचकाळतो. अगदीच अडणारे दहा-बारा शब्द मागे यादीत दे. मात्र एक सांभाळ. एका पानावर "व्हया" आणि दुसऱ्यावर "होया" असं नको. वहीचं शेवटचं पान ह्या शब्दांसाठी राखून ठेव आणि एकदा ठरवलं तेच चालव.

दर रविवारी एका माणसाला वाचून दाखव. चांगलं वाईट विचारू नकोस, नुसतं बघ. जाऊबाई शेंगा सोलत ऐकायच्या. त्यांचे हात थांबले ती पानं मी ठेवली, सोलणं चालू राहिलं ती कापली.

आणि हयात माणसांबद्दल लिहिशील ते छापायच्या आधी त्यांना वाचून दाखव. आमच्याकडच्या बांधावरच्या जुन्या तंट्याचं एक प्रकरण मी लिहिलं होतं. समोरच्या घरातला मुलगा आज साठीचा आहे. मी भीत भीत गेले, त्याच्या ओसरीवर वाचलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वहिनी, झाड रातांब्याचं नव्हतं, फणस होता." तेवढंच बदललं. नंतर त्याने त्याच्या वडिलांची बाजूही सांगितली, ती माझ्याकडे नव्हतीच. पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच आहे.


वाशिष्ठी (चिपळूण)

काकींनी सगळं सांगितलंय, माझं एवढंच. रोज लिहिलेल्या पानाचा फोनवर फोटो काढा आणि दुसऱ्या गावातल्या कुणाला तरी पाठवा. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझ्या दोन वह्या गेल्या. कपाटात वरच्या खणात होत्या, पाणी त्याच्याही वर गेलं. चिखलातून काढल्या तेव्हा पानं एकमेकांना चिकटून लगदा झाला होता. शाईपेन वापरत असाल तर बॉलपेन घ्या.


अक्षरजुळणी (कुडाळ)

मी डीटीपी करतो, छपाईचं मी सांगतो.

वहीत लिहिलंत तरी टाइप युनिकोडमध्येच करून घ्या. अजून काही ठिकाणी जुन्या फाँटमध्ये काम करून देतात आणि मग फाइल दुसरीकडे उघडत नाही, रूपांतर करावं लागतं. त्यात जोडाक्षरं आणि रफार बिघडतात. माझ्याकडे एक हस्तलिखित असंच दुसरीकडून फिरून आलं होतं, त्यात "दर्या"चं जिथे तिथे "दऱ्या" झालं होतं. ताई, तुमच्या पुस्तकात तर हा शब्द पानोपानी येणार. प्रूफ कागदावर काढून वाचा, पडद्यावर ही चूक डोळ्यांना दिसत नाही.

छपाई सोळा पानांच्या फर्म्याने होते, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापून तो दुमडतात. काकींचं १४४ पानांचं पुस्तक म्हणजे बरोबर नऊ फर्मे. १४६ पानं झाली तर दोन पानांसाठी पुढचा फर्मा सुरू होतो, तेव्हा शेवटी थोडी काटछाट करायची तयारी ठेवा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून मिळतो. स्वतः प्रकाशित करणाऱ्या लेखकालाही मिळतो आणि फुकट मिळतो. त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. छपाईच्या आधी घ्या, तो आत आणि मागच्या मुखपृष्ठावर यावा लागतो. पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची असते, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांनाही.

पैशांचं म्हणाल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. जाहिरात आली की नियम वाचून हस्तलिखित पाठवा. कोमसापच्या (कोकण मराठी साहित्य परिषदेच्या) तुमच्या तालुक्यातल्या शाखेत विचारा, आधी अर्ज केलेलं कुणीतरी भेटेल.

प्रकाशकाने पैसे मागितले तर प्रती किती, कागद कुठला, तुमच्या हातात किती प्रती, उरलेल्यांचा हिशेब कधी, हे लेखी घ्या. माझ्या भावाने तोंडी बोलण्यावर पैसे भरले. पाचशे प्रती ठरल्या होत्या, घरी दोनशे आल्या, बाकीच्यांचं काय झालं ते आजतागायत कळलेलं नाही. चांगले प्रकाशक भरपूर आहेत, पण कागदावर सही हवीच.

सिनेमातलं किंवा कुणा कवीचं गाणं पुस्तकात घालणार असाल तर परवानगी लागते. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो. दोर ओढताना म्हणायची पिढीजात गाणी असतील तर ती अवश्य घ्या, ती कुठे लिहिलेली सापडणार नाहीत.


रापणकराची लेक

काकी, तुमचं वाचून रडू आलं. सगळ्यांचे आभार.

आज दुपारी पाहुणे किल्ल्यावर गेले तेव्हा गॅसच्या पावतीच्या मागे लिहिलं: "बाबा दोर उजव्या खांद्यावर घ्यायचे. शर्ट तिथेच विरायचा. आई आतून ठिगळ लावायची, शर्ट बदलला की तेच ठिगळ उसवून नव्याला." हे मला इतकी वर्षं आठवलंच नव्हतं.


देवगडची काकी

ठिगळ कशाचं होतं गो? आईच्या लुगड्याचं की आणखी कसलं? आठवतंय तोवर तेही त्याच पावतीवर लिही. आणि चाळीस पानं कुणाकडे देतेस?


रापणकराची लेक

लुगड्याचंच. हिरवं होतं, काठाकडचं. पानं बहिणीकडे कट्टा गावी देते आहे, उद्या सकाळच्या एसटीने.