डेबियन १२: अपग्रेड अर्धवट राहिल्यापासून ग्राफिक्स ड्रायव्हर चालत नाही

प्रश्नकर्ता:
माझ्या डेस्कटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली असून स्वतंत्र ग्राफिक्स कार्डासाठी डेबियनच्या नॉन-फ्री (मुक्त परवाना नसलेल्या सॉफ्टवेअरच्या) विभागातला ड्रायव्हर मी तीन आठवड्यांपूर्वी बसवला होता. काल पॅकेजे, म्हणजे सॉफ्टवेअरचे संच, अपग्रेड होत असतानाच वीज गेली. आता लॉगिनचा पडदा येतच नाही. काळ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक रेघ तेवढी लुकलुकत राहते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबल्यावर टर्मिनल मिळते, पण ॲप्ट या पॅकेजे आणणाऱ्या साधनाने काहीही बसवायला गेले की ती प्रत्यक्ष बसवणाऱ्या डीपीकेजीचे काम मध्येच थांबल्याचा संदेश येतो. सगळी प्रणाली नव्याने टाकावी लागेल का?

उत्तर १:
मुळीच नाही. त्याच टर्मिनलवर सुडोसह (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा, म्हणजे उलगडलेली पण जुळणी न झालेली पॅकेजे मार्गी लागतील, आणि त्यानंतर ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ द्या. येथे होकार देण्याची घाई करू नका: काय काढले जाणार आहे याची यादी ॲप्ट आधी दाखवते, आणि तिच्यात डेस्कटॉपचीच पॅकेजे दिसली तर नकार देऊन ती यादी येथे लिहा. कार्डाच्या निर्मात्याकडून उतरवलेली ‘रन’ फाइल पूर्वी चालवली होती का, हेही कळवा. ती ॲप्टच्या नकळत लायब्रऱ्या बदलते आणि मग दोन आवृत्त्यांचा गुंता सोडवणे फार जिकिरीचे होते.

प्रश्नकर्ता:
‘रन’ फाइल कधीच वापरलेली नाही. दोन्ही आज्ञा काहीही न काढता पार पडल्या, पण पडदा अजून काळाच आहे. कर्नलसाठी (प्रणालीच्या गाभ्यासाठी) ड्रायव्हरची मॉड्यूल बांधणाऱ्या डीकेएमएसला ‘डीकेएमएस स्टेटस’ विचारले तर ड्रायव्हरपुढे फक्त ‘ॲडेड’ दिसते.

उत्तर २:
मग दोष तेथेच आहे. ‘ॲडेड’ म्हणजे मॉड्यूलचा, अर्थात कर्नलला जोडल्या जाणाऱ्या ड्रायव्हरच्या भागाचा, सोर्स आला, पण तो कर्नलसाठी बांधला गेला नाही. बांधून बसल्यावर ‘इन्स्टॉल्ड’ दिसते. अपग्रेडमध्ये नवा कर्नल आला आणि त्याचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) आले नाहीत, तर असेच होते. ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ बसवा, एखाद्या ठरावीक आवृत्तीचे हेडर्स नकोत, कारण हे पॅकेज पुढच्या प्रत्येक कर्नलबरोबर त्याचे हेडर्स ओढून आणते. नंतर ‘डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’ चालवा. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेले सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असल्यास मात्र मॉड्यूलवर डिजिटल सही लागते आणि त्या सहीची किल्ली ‘मोकयूटिल’ या आज्ञेने नोंदवावी लागते.

प्रश्नकर्ता:
आपले निदान अचूक निघाले. मी जुन्याच कर्नलचे हेडर्स आवृत्तीसह बसवले होते. सिक्युअर बूट बंद होते, त्यामुळे बांधणी झाल्यावर संगणक पुन्हा सुरू करताच लॉगिनचा पडदा आला. दोघांचेही मनापासून आभार.