मदत हवी आहे: सेल मारला की मागच्या कॅमेऱ्याच्या चित्रात रेषा येतात

यवतेश्वरकर (सातारा):
नमस्कार मंडळी. गाडी डिझेल, सात सीटची, जुनी. मागे खोकी भरली की काचेतून काही दिसत नाही, म्हणून डिकीच्या दारावर कॅमेरा बसवून घेतला. चित्र स्टिरिओच्या स्क्रीनवर कायम चालू असतं. मोती चौकात गर्दीच्या वेळी गाडी मागे घेतलेल्यांना हे का लागतं ते सांगायला नको.

इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली तर चित्र स्वच्छ, मागच्या स्कूटरचा नंबरही वाचता येतो. सेल मारला की आडव्या बारीक रेषा सुरू, आणि त्या हळूहळू वर सरकत राहतात. ॲक्सिलरेटर दाबला की दाट होतात, सोबत स्पीकरमधून कुईंऽऽ, तीही पायाबरोबर चढते. हेडलाईट आणि ब्लोअर लावला की आणखी वाढतं. म्हणजे पावसाळ्यात कासच्या रस्त्याला धुकं असतं, नेमकं तेव्हाच!

लाल वायर फ्यूज बॉक्समधून, काळी डिकीतल्या एका बोल्टला बॉडी अर्थ (म्हणजे वजा बाजू गाडीच्या पत्र्यालाच), पिवळ्या पिनची व्हिडिओ केबल डाव्या बाजूने पायदानाखालून पुढे. प्लस दुसऱ्या फ्यूजवरून घेऊन पाहिला, बॅटरीचे टर्मिनल घासले, लाल वायरवर गोंगाट अडवणारा फेराइटचा मणी चढवला. काडीचा फरक नाही. मीटरवर बंद गाडीला 12.6, चालू गाडीला 14.2 व्होल्ट.

बसवणारा म्हणतो कॅमेराच बदला. इंजिन बंद असताना चांगला दिसणारा कॅमेरा का बदलायचा, हे काही मला पटेना. डिझेलला स्पार्क प्लग नाहीत, तर इग्निशनचा त्रासही नसणार. मग शोधायचं कुठे?

चहा_बिस्कीट:
सरळ नवा घ्या, हल्ली स्वस्त मिळतात.

कुपवाड_वायंडिंग (सांगली):
दादा, नवा घेतलात तरी त्याच रेषा दिसतील. आधी गाडी आयडलला ठेवून स्क्रीनवरच्या रेषा मोजा. थट्टा नाही.

अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, आतून थ्री फेज एसी तयार करतो, सहा डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारे) त्याचा डीसी करतात, पण वर थोडी लहर उरतेच. इंजिन 800 आरपीएमला असेल आणि पुली अडीच पट फिरवत असेल तर अल्टरनेटर 2000 वर. चुंबकाच्या पोलच्या सहा जोड्या धरल्या तर 200 हर्ट्झ, आणि डायोडनंतरची लहर त्याच्या सहापट, 1200. पाल पद्धतीच्या चित्रात सेकंदाला 50 फील्ड (पडदा वरून खालपर्यंत 50 वेळा रंगवला जातो), म्हणजे साधारण 24 बारीक रेषा. चार-पाचच जाड पट्टे दिसले तर एखादा डायोड गेलाय समजा, मग कॅमेरा सोडा आणि अल्टरनेटर उघडा. मीटर एसीवर ठेवून चालू गाडीत बॅटरीवरही बघा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास आलं तर तीच शंका पक्की.

रेषा बारीक असतील तर मला संशय त्या डिकीच्या बोल्टचा. कॅमेऱ्याला दोन अर्थ मिळालेत: एक बोल्टवर, दुसरा व्हिडिओ केबलच्या बाहेरच्या तारांच्या जाळीतून स्टिरिओला. पुढची आणि मागची बॉडी विजेच्या हिशेबाने एक नसते. बिजागरं, रंग, गंज मध्ये येतात आणि काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. व्हिडिओ सिग्नल अख्खा एक व्होल्टचा, त्यात एवढा फरकही डोळ्यांना दिसतो. लाईट-ब्लोअर लावल्यावर वाढतं म्हणताय, ते यात बसतं.

खात्री करायला यूपीएसमधली छोटी 12 व्होल्टची बॅटरी डिकीत ठेवा. कॅमेऱ्याचा लाल-काळा दोन्ही तिच्यावर, काळी बोल्टवरून सोडवलेली. गाडीला फक्त पिवळी पिन. इंजिन चालू करून बघा.

यवतेश्वरकर:
शेजारच्या सायबर कॅफेवाल्याकडून बॅटरी आणली. रेषा वीस-पंचवीसच्या घरात, बारीकच. मीटरवर एसी 0.04. बॅटरीवर लावल्यावर रेषा बऱ्याच गेल्या, पूर्ण नाही. कुईं मात्र बंद! उरलेल्या कशाच्या?

कुपवाड_वायंडिंग:
कॅमेऱ्याची पट्टी लोखंडी आणि दाराला स्क्रूने घट्ट असेल. तिच्यातूनही अर्थ मिळतो. मागे रबराचा वायसर घाला, स्क्रूला प्लास्टिकची बुशी.

यवतेश्वरकर:
बरोबर, स्क्रू थेट पत्र्यात होता. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून मागे घातला, स्क्रूला बुशी घातली. रेषा गेल्या. आता यूपीएसची बॅटरी परत द्यायची आहे, तर काळी वायर कुठे नेऊ? पुढपर्यंत ओढायची तर किती जाडीची?

कुपवाड_वायंडिंग:
थेट स्टिरिओच्या अर्थवर, दुसरीकडे कुठेही नाही. कॅमेरा एका अँपिअरच्याही आत घेतो, 0.75 चौरस मिमीची वायर पुष्कळ झाली. लाल आणि काळी एकमेकींना पीळ देऊन न्या, आणि शक्य असेल तर मेन हार्नेसच्या (गाडीच्या वायरिंगच्या मुख्य जुडग्याच्या) विरुद्ध बाजूने. त्यानंतरही कुईं परत आली तर स्टिरिओजवळ लाल-काळ्यावर 2200 मायक्रोफॅरॅड, 25 व्होल्टचा कॅपॅसिटर. वजा बाजू तेवढी काळीवर आली ना ते बघा, उलटा लावला तर फुटतो.

चहा_बिस्कीट:
मीही कॅमेरा बदलायला टाकला होता. थांबवतो.