आत्याला शुश्रूषा केंद्रात हलवायचे आहे : काय पाहावे आणि आधी काय उरकावे?

सदाशिवपेठी
माझी आत्या ८४ वर्षांची आहे. टपाल खात्यातून निवृत्त झालेली, अविवाहित, आणि सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर भाडेकरू म्हणून एकटी राहणारी. पावसाळ्यात पाय घसरून तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, परंतु वॉकर हाताशी असूनही तिला उठवायला माणूस लागतो आणि वाड्याचा जिना आता तिला चढता येणार नाही. सध्या ती आमच्याकडे कोथरूडला आहे. ब्युरोतून दिवसपाळीला आणि रात्रपाळीला एकेक बाई येते. त्यांतील एखादीने दांडी मारली की पत्नीला किंवा मला रजा टाकावी लागते. संध्याकाळनंतर आत्या गोंधळते आणि ‘मला घरी सोड’ म्हणते, सकाळी मात्र वर्तमानपत्र वाचून महापालिकेच्या कारभारावर आम्हाला ऐकवते. तिला शुश्रूषेची सोय असलेल्या ठिकाणी ठेवावे, असे आम्ही भावंडांनी ठरवत आणले आहे. जागा निवडताना काय पाहावे आणि तिची कोणती कामे आधी उरकावीत, हे जाणकारांनी सांगावे. ‘चार दिवस हवापालटाला चाललो आहोत’ असे सांगून तिला न्यावे, असे धाकट्या भावाचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही.

निवृत्त परिचारिका
सर्वप्रथम, वृद्धाश्रम आणि शुश्रूषा केंद्र यांत गल्लत करू नका. पुण्यातील अनेक वृद्धाश्रम फक्त चालत्या-फिरत्या, स्वतःचे स्वतः आवरणाऱ्या ज्येष्ठांना घेतात आणि माणूस अंथरुणाला खिळला की नातेवाइकांना बोलावून घेतात. तेव्हा ‘उद्या ती उठू शकली नाही, तर तुम्ही तिला ठेवाल का?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा आणि उत्तर करारात लिहून घ्या. चालक संस्था न्यास म्हणून नोंदलेली आहे, एवढ्यावरून तिथे शुश्रूषा होते असे ठरत नाही.

जागा पाहायला सकाळी अकराला जाऊ नका, त्या वेळी सगळीकडे फरशी पुसलेली असते. रात्रीच्या जेवणाच्या सुमारास, न कळवता जा. रात्रपाळीला किती मावश्या आहेत, त्यांच्याकडे किती रुग्ण आहेत आणि प्रशिक्षित परिचारिका रात्री प्रत्यक्ष इमारतीत असते की केवळ फोनवर, हे व्यवस्थापकाला विचारण्याऐवजी मावश्यांनाच विचारा. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्यांना साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते. अन्यथा माकडहाड आणि टाचा यांवर शय्याव्रण होतात. वळवल्याची नोंदवही मागून पाहा. सगळे रकाने एकाच शाईत आणि एकाच हाताने भरलेले दिसले, तर समजून जा. रुग्णांचे हात बांधतात का आणि केवळ कामाच्या सोयीसाठी लघवीची नळी घालतात का, हेही स्पष्ट विचारा.

आत्याचा संध्याकाळचा गोंधळ मात्र हलवण्यापूर्वीच डॉक्टरांना दाखवा. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना भ्रम होणे नवे नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, सोडियम कमी होणे किंवा झोपेची गोळी यांपैकी काहीही त्यामागे असू शकते आणि त्यातले बरेचसे उपचारांनी सुधारते. हे न तपासता तिला ‘विस्मरणाची रुग्ण’ म्हणून दाखल केलेत, तर तो शिक्का पुसणे अवघड जाते.

वकिली करणारा
आत्याची सकाळची स्पष्टता आहे तोवर कागदपत्रे करून घ्यावीत. बहुतेक कुटुंबे कुलमुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. परंतु करार अधिनियमाच्या कलम २०१ नुसार, अधिकार देणारी व्यक्ती मनाने अक्षम झाली की ते अधिकारपत्र संपुष्टात येते, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी ते निरुपयोगी ठरते. त्यानंतर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागू शकते. म्हणून तिचे आणि तुमचे एक संयुक्त बचत खाते आताच उघडावे, आणि निवृत्तिवेतनाच्या खात्यातून केंद्राच्या शुल्काइतकी रक्कम दरमहा तिथे वळती करण्याची स्थायी सूचना तिच्याच सहीने बँकेला द्यावी.

हयातीच्या दाखल्यासाठी तिला बँकेत नेण्याची गरज नाही. केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांपैकी ८० वर्षांवरील व्यक्तींना तो नोव्हेंबरची वाट न पाहता १ ऑक्टोबरपासून देता येतो. डिजिटल दाखला पोस्टमन घरी येऊनही करून देतात, शिवाय मोबाइलवर चेहरा दाखवून तो करता येतो. टपाल खात्यातच आयुष्य गेलेल्या बाईंना पोस्टमनचे येणे आवडेलही.

वाड्याच्या खोलीचा विषय याहून नाजूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे भाडेकरूने वाजवी कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर घरमालकाला ताबा मागण्याचे कारण मिळते. आजारपण हे वाजवी कारण म्हणून मांडता येते, पण ते सिद्ध करावे लागते. रुग्णालयाची आणि केंद्राची सर्व कागदपत्रे जपून ठेवा, भाडे तिच्याच खात्यातून भरून पावत्या घ्या, वीजजोडणी चालू ठेवा. आणि ‘जागा रिकामीच आहे’ म्हणून एखाद्या विद्यार्थ्याला तिथे ठेवू नका. पोटभाडेकरू ठेवल्याचा वेगळाच दावा उभा राहील.

वारज्याची सून
सासूबाईंना हलवताना आमच्याकडेही ‘हवापालट’ हाच शब्द निघाला होता. आपल्या आत्याबाई रोज सकाळी वर्तमानपत्र वाचतात. त्यांना चार दिवस उलटल्याचे कळणार नाही, असे आपल्या बंधूंना का वाटते? खोटे उघडकीला आले की पुढे औषध देणाऱ्या मावशीवरसुद्धा त्या विश्वास ठेवणार नाहीत. काही केंद्रे शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीसाठी महिनाभर ठेवून घेतात. ‘महिनाभर राहून पाहा, मग आपण बसून बोलू’ असे खरे खरे सांगावे आणि महिन्यानंतर खरोखरच बसून बोलावे. त्या नाही म्हणाल्या, तर ती शक्यताही तुम्ही मनात ठेवलेली असली पाहिजे.

जागेबाबत माझे मत असे की, तळेगावची हवा आणि भोवतालची झाडी कितीही चांगली असली, तरी कामावरून परतताना डोकावता येईल असे केंद्र निवडावे, खोली लहान असली तरी चालेल. ज्यांचे नातेवाईक वेळी-अवेळी येतात, त्यांच्याकडे तिथले लोक अधिक लक्ष देतात. कवळी, चष्मा, श्रवणयंत्र आणि कपडे यांवर नाव घाला, कारण धुलाईत आणि जेवणानंतरच्या आवराआवरीत याच वस्तू हरवतात. शुल्क ठरवताना डायपर, फिजिओथेरपी आणि रुग्णालयात सोबत पाठवायचा माणूस यांचे पैसे वेगळे लागतात का, हे विचारा. आम्हाला पहिल्या बिलानंतर ते समजले.

सदाशिवपेठी
सर्वांचे आभार. रक्त-लघवीच्या तपासण्या उद्याच करून घेतो. भाऊ अजून नाराज आहे, तरी आत्याशी सकाळच्या वेळी मीच बोलणार आहे. एक शंका उरते : पत्ता बदलल्याचे बँकेला आणि शिधापत्रिकेसाठी कळवावे का?

वकिली करणारा
महिनाभर राहून पाहायचे असेल, तर मुळीच कळवू नका. कायमचे राहायचे ठरले, तरी बँकेला पत्रव्यवहारासाठी तुमचा कोथरूडचा पत्ता द्यावा. आधार आणि शिधापत्रिकेवरील वाड्याचा पत्ता मात्र भाडेहक्काचे काय करायचे हे आत्याबाई स्वतः ठरवेपर्यंत तसाच राहू द्यावा.